सर रडले तेव्हा

फुटबॉल टीममधल्या पोरी तिला काकू म्हणायच्या. वय बत्तीस. एखाद्या ऑफिसात बत्तीस वर्षांच्या बाईला कोणी काकू म्हटलं असतं तर अबोला धरला गेला असता. पण जिथे उजव्या विंगवर सतरा वर्षांची मुलगी पळते आणि कप्तान तेवीसची असते, तिथे बत्तीस म्हणजे पेन्शनीला आलेलं वय. तिला त्याचं काही वाटायचं नाही. एखादी नवी मुलगी पहिल्या दिवशी घाबरत घाबरत "ताई" म्हणाली, की तीच सांगायची, "ताईबिई काही नको, काकू म्हण. माझ्या बाजूने कोणी घुसलं तर ओरडायला सोपं पडतं."

ती लेफ्ट बॅक, डाव्या बाजूने बचाव करणारी. चौदा सीझन एकाच क्लबात काढलेले. क्लब तसा दुसऱ्या फळीतला. मैदानाच्या एका बाजूला पत्र्याखाली पाच पायऱ्या, दुसऱ्या बाजूला टायरच्या गोदामाची भिंत. चेंडू त्या भिंतीवर आपटला की आत काम करणारे लोक शिवी हासडायचे, आणि काकू खेळता खेळता त्यांना हात दाखवायची. क्लब देत होता ते पोटाला पुरणारं नव्हतं. म्हणून सकाळी नऊ ते चार ती एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काम करायची. फिरत्या चाकावर काच धरून फ्रेमच्या मापाची कड काढायची, काच बसवायची, बारीक स्क्रू पिळायचे. हात असा स्थिर, की मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्याकडचा चष्मा परत येत नाही. करणारी बाई फुटबॉल खेळते, खरं नाही वाटणार."

सर आले ते तिच्या तिसऱ्या सीझनला. स्वतः चांगले खेळलेले, गुडघा गेल्यामुळे थांबलेले. मैदानावर ते कधी अद्वातद्वा बोलले नाहीत, पण गप्प बसले की पोरी न सांगता जोरात पळायला लागायच्या. आणि माणूस फार हळवा. जिंकलो की रडायचे, हरलो की रडायचे, कोणाचं लग्न ठरलं तरी रडायचे. काकूचा नवरा प्लंबर होता. पोरी मागून तिला म्हणायच्या, "काकू, काकांना एकदा पाठवा ना. सरांचा वॉशर गेलाय."

आली तेव्हा ती पुढे खेळायची, गोल करणाऱ्यांत. सरांनी तिला मागे आणलं. "पुढे पळणाऱ्या दहा मिळतात," ते म्हणाले, "मागे ठाम उभी राहणारी एक मिळत नाही. तुझ्यात तो धीर आहे." गोल करायचं सोडून गोल अडवायला कोणाला आवडतं? पण तिच्यात काहीतरी आहे, असं तिला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. वडील लवकर गेले, आई दुसऱ्यांच्या घरची कामं करून दमलेली. काकू मागे आली ती कायमची.

लग्न पंचविसाव्या वर्षी झालं. एकोणतिसाव्या वर्षी तिने आणि नवऱ्याने मूल व्हावं असं ठरवलं, तेव्हा घरच्यांच्या आधी ती सरांशी बोलली. सरांनी हातातली वही मिटली. "एक सीझन थांब," ते म्हणाले. "फक्त एक. तू गेलीस तर माझी डावी बाजू उघडी पडते." ती थांबली. पुढच्या वर्षी टीम वरच्या फळीत जायच्या बेतात होती, तेव्हाही ते म्हणाले, "एवढा एक." तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा तिने तिशी ओलांडली होती, आणि टीम खाली घसरायच्या बेतात होती.

नवरा त्यावर काही बोलला नाही. तो मुळात कमी बोलणारा, आणि त्याला तिचा खेळ आवडायचा. सासूबाई मात्र बोलल्या. "क्लबला डावी बाजू आहे, उजवी बाजू आहे. आमच्या घराला काही बाजू आहे की नाही?"

"आई, एकच वर्ष."

"तुझं एक वर्ष लांबतंच चाललंय गं."

कोणी तिच्या कपाळाला बंदूक लावली नव्हती. हो तिनेच म्हटलं होतं, तीनदा, आपल्या तोंडाने. पुढे याच गोष्टीने तिची झोप उडवली. दुसऱ्यावर सगळा राग काढावा म्हटलं, तर त्यातला अर्धा स्वतःकडेच वळायचा.

चौदावा सीझन संपला आणि तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, सरांचा निरोप आला, साडेचारला ये, एकटी ये.

सरांची खोली म्हणजे खरं तर सामानाची खोली. जाळीत भरलेले चेंडू, एकात एक घातलेले प्लास्टिकचे शंकू, मैदानावर रेघा मारायच्या चुन्याची पोती, आणि कोपऱ्यात बर्फ ठेवायचा खरखरणारा फ्रीज. एरवी सर टेबलामागे बसायचे. त्या दिवशी ते उभे होते.

"बस," ते म्हणाले.

ती चुन्याच्या पोत्यावर टेकली.

"वरून आलंय. कमिटीचं म्हणणं, तिशीच्या पुढची कोणी नको. मी भांडलो. फार भांडलो. पण माझं चालतंय कुठे?"

"म्हणजे मला..."

"क्लब तुला मोकळं करतोय."

तिला वाटलं, हा शब्द किती चांगला आहे. जसं काही तिला बांधून ठेवलं होतं. ती काही विचारणार तेवढ्यात सर म्हणाले, "मला दोन मुलगे. मुलगी काय असते ते मला तुझ्यामुळे कळलं," आणि 'मुलगी' या शब्दाला त्यांचा आवाज फुटला. मग त्यांना आवरेना. खांदे हलायला लागले, चष्मा काढून त्यांनी तोंडावर हात घेतला. साठीला आलेला माणूस हुंदके देऊन रडायला लागला तर समोरच्या बाईने काय करावं? तिने खांद्यावरचा टॉवेल त्यांना दिला. फ्रीजमधून पाण्याची बाटली काढून झाकण उघडून दिली. पाठीवरून हात फिरवला.

"सर, असं नका करू. चालायचंच. कधीतरी थांबायचंच होतं."

"तू मोठ्या मनाची आहेस गं," ते टॉवेलातून म्हणाले.

बाहेर आली तेव्हा घड्याळात पाच वाजून गेले होते. अर्ध्या तासात तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. कधीपासून? सरावाला तरी येऊ का? मुलींना शिकवायला ठेवाल का? काहीच नाही. सगळा वेळ सरांना सावरण्यात गेला. टॉवेलसुद्धा आतच राहिला, आणि तो मागायला परत जाण्याची तिला लाज वाटली.

घरी नवरा स्वयंपाकघरातल्या बेसिनखाली आडवा झाला होता. लोकांचे नळ नीट करणाऱ्या माणसाच्या घरचं बेसिन तीन महिने गळत होतं. तिने त्याच्या पायांना सगळं सांगितलं, कारण बाकीचा तो कपाटात होता.

"सर खूप रडले," ती म्हणाली.

पाना थांबला. "आणि तू?"

"मला वेळच नाही मिळाला."

शुक्रवारी क्लबने छोटा निरोप समारंभ ठेवला. पायऱ्यांवर पन्नासेक माणसं, पुढे टीम, आणि क्लबचे व्हिडिओ काढणारा एकजण फोन उभा धरून. सरांनी तिला तीन नंबरची जर्सी काचेच्या चौकटीत घालून दिली. चौकट चांगली रुंद, दोन्ही हातांनी धरावी लागली. मग सर माईकवर बोलायला लागले. "मला दोन मुलगे," ते म्हणाले, "मुलगी काय असते ते मला..." आणि त्याच शब्दाला, अगदी त्याच जागी आवाज फुटला.

काकूने मान वळवली. तिने सरांच्या तोंडाकडे नीट बघितलं. नाटक नव्हतं. नाक लाल झालं होतं, हनुवटी थरथरत होती, डोळ्यांतून पाणी घळघळा वाहत होतं. मंगळवारचं रडणं खरं होतं आणि शुक्रवारचंही खरंच होतं. खोटं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

तो व्हिडिओ गावभर फिरला, गावाबाहेरही गेला. लोकांनी खाली काय काय लिहिलं! असा गुरू नशिबाने मिळतो. हा माणूस नाही, बाप आहे. हे बघून जो रडला नाही तो दगड. कोणीतरी असंही लिहिलं की मुलीच्या डोळ्यांत मात्र पाण्याचा टिपूस नाही, आजकालच्या पिढीला भावना नाहीत. दुकानात गिऱ्हाइकं मागच्या खोलीत डोकावून जायची. "तुम्हीच ना त्या? काय प्रेम हो तुमच्या सरांचं!" ती मान डोलवायची आणि काच पुन्हा चाकावर धरायची.

सासूबाईंना शेजारणीने व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला, आणि संध्याकाळी सुनेला विचारलं, "हा का रडतोय?"

"मला काढलं म्हणून."

"काढलं तुला ना? मग हा का रडतोय?"

"हळवे आहेत हो ते."

"असतील," सासूबाई म्हणाल्या. "पण सगळे त्याचंच सांत्वन करतायत."

काकूने त्या दिवशीही सरांचीच बाजू घेतली. बारा वर्षांची सवय होती, बाजू धरून ठेवायची.

पंधरा दिवसांनी ती दुकानातून जरा लवकर निघून लॉकरची किल्ली परत करायला क्लबच्या ऑफिसात गेली. ऑफिस सांभाळणाऱ्या बाई तिच्या पहिल्या दिवसापासूनच्या ओळखीच्या. त्यांनी सहीसाठी फाईल पुढे केली आणि चहा सांगायला उठल्या. फाईल उघडी होती. वरच सरांचं पत्र होतं, सरांच्याच तिरक्या अक्षरात. डाव्या बचावासाठी वीस वर्षांची नवी खेळाडू पक्की केली आहे, सध्याच्या खेळाडूचा करार वाढवू नये, अशी शिफारस करतो. त्याखाली कमिटीचा शेरा होता. सध्याच्या खेळाडूला आणखी एक वर्ष ठेवण्यास हरकत नाही, तरी कोचने ठरवावे. आणि त्याच्याखाली पुन्हा सरांची ओळ होती, ठरलेले आहे.

तारीख सीझन संपायच्या आठ आठवडे आधीची. त्या आठ आठवड्यांत काकू एकही मॅच चुकली नव्हती. दोन तर घोट्याला पट्टी आवळून खेळली होती, कारण सर म्हणाले होते, तूच उभी राहू शकतेस.

बाई चहा घेऊन आल्या आणि तिचा चेहरा बघून जागच्या जागी थांबल्या. "अगं, मला वाटलं तुझ्याशी बोलूनच लिहिलं असेल."

चहा तसाच राहिला. ती तडक मैदानावर गेली. दुपारचे साडेतीन, ऊन अजून कडक, कोणी आलं नव्हतं. सर एकटेच शंकू मांडत होते.

"सर, पत्र बघितलं मी."

सरांनी शंकू खाली ठेवला, मग पुन्हा उचलला. "कुठलं?"

"ठरलेले आहे, असं लिहिलंय ते."

त्यांनी शंकूवरची माती झटकली. मग म्हणाले, "तुझा वेग कमी झालाय गं. मला बघवत नव्हतं."

"मग तसं सांगायचं. मला कळतं ते, माझे पाय आहेत. कमिटीच्या नावावर का खपवलंत?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"मला वाईट वाटायला सवड कुठे होती, सर? मी तुम्हाला पाणी देत होते."

त्यांचे डोळे भरून आले. तिला ते दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्यांच्यासमोर ओरडावंसं वाटलं. "नाही, सर. आज नाही. आज तुम्ही ऐकायचं. तीनदा म्हणालात, एक सीझन थांब. तीनदा मी थांबले. घरी काय ऐकून घेतलं ते माझं मला माहीत. आणि तुम्हाला एकदा खरं बोलता आलं नाही?"

पण सर रडायला लागलेच. हातात केशरी शंकू धरून, भर उन्हात उभे राहून रडले. "मी पापी आहे," ते म्हणाले, "मला माफ कर. सांग, मी काय करू तुझ्यासाठी? काहीही सांग."

तिच्या मनात काही मागायचं नव्हतं, पण गरज होती. जवळच्या शाळेत खेळाच्या शिक्षिकेची जागा निघाली होती. मुलींची टीम उभी करायची होती. शाळेला फक्त कोचचं शिफारसपत्र हवं होतं. तिने ते सांगितलं. "चार ओळी पुरतील, सर."

"आज लिहितो. आजच," सरांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. "चार ओळी काय, चार पानं लिहीन."

पहिल्या आठवड्यात तिने फोन केला नाही, बरं दिसत नाही म्हणून. दुसऱ्या आठवड्यात केला. "लिहायलाच बसलोय," सर म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "अगं, लिहायला घेतलं की भरून येतं. बारा वर्षं डोळ्यांसमोर उभी राहतात. असंतसं नाही लिहायचं मला, मनातून उतरलं पाहिजे."

"सर, मनातून नको. चौदा सीझन खेळली, वेळेवर येते, एवढंच लिहा."

"तुला कळत नाहीये तू माझ्यासाठी काय आहेस," सर म्हणाले, आणि पुढचं तिला नीट ऐकू आलं नाही.

शाळेच्या मुख्याध्यापिका भल्या होत्या, त्या महिनाभर थांबल्या. मग त्यांनी एका तरुण मुलाला घेतलं. तो व्हॉलीबॉल खेळायचा. मुलींची फुटबॉल टीम काही उभी राहिली नाही.

त्याच वर्षी काकू आणि नवरा डॉक्टरीणबाईंकडे जायला लागले. तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, पुन्हा तपासण्या झाल्या. दीड वर्षाने डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सगळं शांतपणे समजावून सांगितलं. उशीर झाला, असं त्या म्हणाल्या नाहीत. "थोडं आधी आला असता तर..." एवढंच म्हणाल्या आणि कागद नीट लावायला लागल्या. आधी आले असते तर नक्की झालंच असतं असंही नाही, हे काकूला कळत होतं. पण कळून काय करायचं? परत येताना नवऱ्याने गाडी एका बागेपाशी थांबवली. दोघं बाकावर बसले. तो म्हणाला, "आपण दोघं आहोत की." ती हो म्हणाली. घरी सासूबाईंनी दार उघडलं, दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता ताटं घेतली. त्या दिवसापासून घराच्या बाजूंचा विषय त्यांनी काढला नाही. काकूला त्यांचं बोलणं सोसलं होतं, हे गप्प राहणं सोसेना.

काकू दुकानात पूर्ण वेळ काम करायला लागली. काही दिवस चार वाजले की तिचे हात आपोआप एप्रनच्या गाठीकडे जायचे. मालक बघून न बघितल्यासारखं करायचे. जर्सीची चौकट तिने कपाटामागे सरकवली, भिंतीकडे तोंड करून.

तीन वर्षं गेली. मग एका दुपारी दुकानात सरांचा फोन आला. त्यांना मोठा सन्मान जाहीर झाला होता, वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक. आवाजात आनंद मावत नव्हता. "कार्यक्रमात तो आपला व्हिडिओ दाखवणार आहेत," ते म्हणाले, "आणि त्यानंतर तू स्टेजवर यायचंस. तूच मला ती ट्रॉफी द्यायची. आयोजकांना मी सांगितलं, दुसऱ्या कोणाच्या हातून नको."

"मी नाही येणार, सर."

"दुकानातून सुट्टी मिळत नाही का? मी बोलू मालकांशी?"

"सुट्टी मिळते. मला यायचं नाही."

 पलीकडून तो ओळखीचा श्वास आला, नाकातून अडखळत येणारा. "अजून रागावली आहेस माझ्यावर," सर म्हणाले, आणि सुरू झाले. काकूने थोडा वेळ फोन कानाला धरला. आत काही हलतं का ते तिने बघितलं. काही हललं नाही. फोन तिने बंदही केला नाही. तो टेबलावर ठेवला, चाक चालू केलं आणि हातातली काच पुरी केली. चाकाच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नव्हतं. काच पुसून तिने उजेडाकडे धरली तोवर फोन बंद झाला होता.

कार्यक्रम रविवारी सकाळी झाला. टीमची जुनी गोलकीपर त्याला गेली होती. तिने दुपारी फोन करून सगळं सांगितलं, जरा चाचरतच. व्हिडिओ दाखवला म्हणे, टाळ्या थांबेनात. मग सर उभे राहिले. म्हणाले, माझी लेक आज येऊ शकली नाही, पण मी समजू शकतो. ती आता संसारात, मुलाबाळांत रमली आहे. आणि मग पुढे त्यांना बोलता आलं नाही.

"सगळे रडले गं," गोलकीपर म्हणाली. "मला बसवेना. मी उठून आले."

फोन स्पीकरवर होता. नवरा जेवता जेवता थांबला. सासूबाई समोर भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि सरांना अशी एक शिवी घातली, की त्या घरात तो शब्द पूर्वी कधी कोणी ऐकला नव्हता. नवरा आईकडे बघतच राहिला.

काकू रडली नाही, हसलीही नाही. गोलकीपरला तिने घरचं सगळं कसं काय म्हणून विचारलं, ये एकदा म्हणाली, आणि फोन ठेवला. मग सासूबाईंच्या समोर बसून राहिलेली भाजी स्वतःकडे ओढली. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सहा चष्मे द्यायचे होते, त्यातला एक फार जाड काचांचा.